कार्ल्याचे खांब कोणाच्या पैशाने कोरले गेले?

थ्रेड. "कार्ले लेणी कोणी खोदली?" या प्रश्नाला आपण शाळेत पाठ केलेले उत्तर आहे : सातवाहनांनी. हे उत्तर चूक नाही, पण ते फार अपुरे आहे. चैत्यगृहातले खांब स्वतःच दुसरे उत्तर देतात, तेही नावगावासकट. त्या नावांत राजा शोधून सापडत नाही.

आधी भूगोल. औंढे, मळवली, भाजे, कार्ले ही नावे मावळातल्या एकाच पट्ट्यातली. इंद्रायणीच्या खोऱ्यात एका अंगाला भाजे, समोरच्या डोंगरात कार्ले आणि थोडे पलीकडे बेडसे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल घेऊन घाट चढलेला तांडा याच खोऱ्यात उतरत असे. कार्ल्याच्या लेखांत या लेण्यांना 'वलूरक' म्हटले आहे आणि ज्या प्रशासकीय विभागात ती होती त्याचे नाव 'मामाल' असे येते. आपले 'मावळ' ते हेच, असे अभ्यासक मानतात. म्हणजे शिवकाळाच्या पंधराएकशे वर्षे आधीही हा प्रदेश याच नावाने ओळखला जात होता.

आता चैत्यगृहात शिरू. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे ४५ फूट. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा नक्षीदार खांब आणि स्तूपामागे सात साधे, असे एकूण ३७. एवढे मोठे काम एका दमात होत नाही. कातळ वरून खाली फोडत यावे लागते, पाथरवट वर्षानुवर्षे पोसावे लागतात, हत्यारांना धार लावणारे लोहार लागतात. पैसा सतत यावा लागतो.

तो आला कसा, हे ब्राह्मी लिपीतल्या छोट्या प्राकृत लेखांवरून कळते. एका ओळीत दात्याचे गाव, त्याचे नाव आणि 'थंभो दानं', म्हणजे 'खांब दान'. बस्स. प्रशस्ती नाही, वंशावळ नाही.

या दात्यांत सर्वाधिक वेळा येणारे गाव म्हणजे धेनुकाकट. हे गाव नेमके कुठले, यावर विद्वानांत एकमत झालेले नाही. मात्र तिथली माणसे कोण होती ते लेख सांगतात. प्रवेशद्वाराशी सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान आहे. दाराचे काम करणारा वढकी, म्हणजे सुतार, सामिन, वेणुवासाचा मुलगा, हाही धेनुकाकटचाच. अनेक खांबांवर 'यवन' असा उल्लेख आहे. यावरून "ग्रीकांनी कार्ले बांधले" अशा चित्रफिती फिरत असतात. त्यांना जरा आवर घालावा. या यवनांची नावे सिंहध्य, धर्म अशा वळणाची आहेत. कधीकाळी समुद्रापलीकडून आलेली, पण इथे मुरलेली, इथलीच भाषा बोलणारी आणि इथल्याच संघाला दान देणारी ही कुटुंबे असावीत.

सोपाऱ्याहून आलेला सातिमित हा भाणक, म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत म्हणून दाखवणारा भिक्षू, एका खांबाचा दाता आहे. महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे दान आहे. कोडी नावाच्या भिक्षुणीने वेदिका दिली आणि ती कोरणाऱ्या नंदिकाचे नावही त्याच लेखात आले. देणाऱ्याबरोबर घडवणाऱ्याचे नाव नोंदवण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. पुढच्या काळातल्या किती भव्य वास्तूंवर कारागिराचे नाव सापडते, हे आठवून पाहा.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा लेख मात्र एका वेगळ्याच खांबावर आहे. तिथे दाता म्हणून व्यक्तीचे नाव नाही. 'वाणियगाम' असा शब्द आहे. धेनुकाकटच्या व्यापाऱ्यांचा समूह, संघटना म्हणून, एका खांबाचा दाता आहे. म्हणजे कोणीतरी हा विषय मांडला, बाकीच्यांनी मान्यता दिली, वर्गणी काढली आणि श्रेय वाटून न घेता एकाच सामूहिक नावाने कोरवले. ही प्रक्रिया लेखात लिहिलेली नाही, हे मान्य. पण समूहाच्या नावाने दान पडते तेव्हा त्यामागे समूहाचा निर्णय असतो, एवढे अनुमान सुरक्षित आहे.

वैजयंतीच्या (आजचे कर्नाटकातले बनवासी) भूतपाल श्रेष्ठीचा लेख मात्र सांगतो की, जंबुद्वीपातले हे सर्वोत्तम शैलगृह त्याने पूर्ण केले. मग खांबांवरच्या इतक्या लोकांचे काय? 'परिनिठपित' या शब्दाकडे नीट पाहिले तर कोडे बरेचसे सुटते. अनेकांनी चालवलेले काम त्याने तडीस नेले, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. मोठा देणगीदार शेवटी येतो आणि कोनशिला त्याच्या नावाची लागते, हे आपल्याकडे नवे नाही!

पण सार्वजनिक पैसा सांभाळायचा कसा आणि निर्णयाची नोंद कुठे ठेवायची? याचे उत्तर कार्ल्यात नाही. त्यासाठी नाशिकला जावे लागेल.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचा लेख आहे, वर्ष ४२ चा. त्याने ३००० कार्षापण संघाच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. एकीकडे २००० दरमहा शेकडा १ दराने, दुसरीकडे १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज भोगायचे. हिशेब करून पाहा : २००० वर वर्षाला २४० कार्षापण. लेणीत वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९०. राजाचा जावई विणकरांवर एवढा विश्वास टाकतो, यातच श्रेणींची पत काय होती ते दिसते.

आणि हा व्यवहार गुपचूप झाला नाही. तो निगमसभेत ऐकवला गेला आणि प्रथेप्रमाणे फलकावर नोंदवला गेला, असे लेख स्पष्ट सांगतो. सत्ताधाऱ्याचे दानही नगरातल्या सभेपुढे वाचले जाई.

मावळाच्या उत्तरेला जुन्नरमध्येही हेच चित्र दिसते. तिथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. बुरूडकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडेही धर्मकार्यासाठी पैसे गुंतवले जात. पुढच्या काळात समाजाच्या उतरंडीत खाली ढकलले गेलेले व्यवसाय इथे ठेवी सांभाळणाऱ्या पेढ्या म्हणून उभे आहेत.

इथवर वाचून कोणी "प्राचीन लोकवर्गणी, प्राचीन लोकशाही" असे शीर्षक लावायला निघाला असेल, तर जरा थांबा. दुसरी बाजूही कार्ल्याच्याच भिंतीवर आहे.

त्याच उषवदाताने वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव देऊन टाकले. पुढे सातवाहनांनी क्षहरातांना हटवले, तेव्हा मामालच्या अमात्याला नवी आज्ञा गेली आणि तेच गाव पुन्हा भिक्षूंना दिले गेले. त्यात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, मीठ खणू नये अशा सवलती आहेत. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या सातव्या वर्षी महारठी सोमदेवाने आणखी एक गाव संघाला दिले, त्यावरच्या सगळ्या लहानमोठ्या करांसकट. सत्ता बदलली, शासन बदलले, पण कर भरणारा तोच राहिला. त्याला कोणी विचारल्याचा एक शब्दही या लेखांत नाही. निगमसभा नगराची होती. करजिकच्या कुणब्याला अशी सभा होती की नाही, हे भिंत सांगत नाही.

म्हणून या लेण्यांमागे दोन वेगवेगळे पैसे आहेत, हे लक्षात ठेवावे. एक खांबाखांबाने आपखुशीने आलेला आणि दुसरा गावागावांतून कररूपाने वळवलेला. पहिल्याने प्रामुख्याने वास्तू घडली, दुसऱ्याने त्यात राहणाऱ्यांचे पोट भरले. बौद्ध लेण्यांवरच्या लोकप्रिय लेखनात या दोहोंची सरमिसळ होते आणि मग एक पक्ष सगळे श्रेय राजांना देतो, दुसरा सगळे 'जनतेला'.

शेतकरी या दात्यांच्या यादीत अगदीच नाही का? त्यासाठी इंद्रायणी ओलांडून भाज्याला जायचे. भाज्याचे चैत्यगृह कार्ल्याच्याही आधीचे, इसवी सनापूर्वीचे. तिथल्या महारठी विष्णुदत्ताच्या टाक्याचा लेख बहुतेकांना माहीत असतो, कारण त्याला मोठी पदवी आहे. त्याच लेणीसमूहात एक अगदी छोटा लेख आहे. त्यात बाधा नावाच्या स्त्रीचे दान नोंदवले आहे आणि तिची ओळख दिली आहे 'हालिकजाया', म्हणजे नांगर धरणाऱ्याची बायको.