डेमॉनिक रिझरेक्शन

डेमॉनिक रिझरेक्शन : मुंबईतील मेटल बँड. स्थापना २०००. संस्थापक, गायक, गिटारवादक व प्रमुख रचनाकार साहिल मखीजा. रंगमंचावरील नाव ‘डेमनस्टीलर’. चाहते या बँडला ‘डीआर’ म्हणतात. डेथ मेटलचा आघात, ब्लॅक मेटलचा काळोखा भाव आणि कीबोर्डवर उभारलेले वाद्यवृंदासारखे सूर यांचा मेळ हे त्याच्या संगीताचे वैशिष्ट्य. शुद्ध अर्थाने हा गॉथिक रॉक बँड नव्हे. मात्र गॉथिक रॉकमधून मेटलमध्ये उतरलेली काळोख, भव्यता आणि विलाप यांची परंपरा मुंबई महानगर परिसरात ज्यांनी सातत्याने जोपासली, त्यांत या बँडचे नाव आधी घ्यावे लागते. बँडने स्वतःच्या शैलीला ‘डेमॉनिक मेटल’ असे नाव दिले आहे.

सांगीतिक पूर्वपीठिका

गॉथिक रॉकचा उगम १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये, पंक रॉकची पहिली लाट ओसरत असताना झाला. नॉर्दम्प्टनच्या बाउहाउस या बँडची १९७९ मधील ‘बेला लुगोसीज डेड’ ही नऊ मिनिटांहून लांब ध्वनिमुद्रिका या प्रकाराचा आरंभबिंदू मानली जाते. सूझी अँड द बॅन्शीज, द क्युअर आणि लीड्स येथील द सिस्टर्स ऑफ मर्सी यांनी त्याला आकार दिला. पुढे सरसावलेली बेस गिटार, घुमणारे एकसुरी ढोल, प्रतिध्वनीत भिजलेली गिटार आणि खर्जातले गायन ही त्याची ओळख. मृत्यू, एकाकीपणा, भयकथा आणि विस्कटलेली श्रद्धा हे त्याचे विषय.

१९९१ मध्ये इंग्लंडच्याच पॅराडाइज लॉस्ट या बँडने ‘गॉथिक’ हा अल्बम काढला आणि हा भाव मेटलच्या जड गिटारींशी जोडला गेला. त्यानंतरच्या काही वर्षांत इंग्लंडचा क्रेडल ऑफ फिल्थ आणि नॉर्वेचे एम्परर व डिमू बोर्गिर यांनी वेगवान ब्लॅक मेटलला कीबोर्डवरील सिंफनीची जोड दिली. डिमू बोर्गिरचा ‘एन्थ्रोन डार्कनेस ट्रायम्फंट’ १९९७ चा. डेमॉनिक रिझरेक्शनच्या सुरुवातीच्या रचनांवर याच पिढीचा ठसा सर्वांत स्पष्ट दिसतो.

स्थापना आणि मुंबईतील परिस्थिती

बँड सुरू झाला तेव्हा मुंबईत रॉकची परंपरा होती, पण या टोकाच्या मेटलसाठी व्यवस्था जवळजवळ नव्हती. १९८४ मध्ये सुरू झालेला रॉक मशीन (पुढे इंडस क्रीड) आणि १९९० च्या दशकातला पेंटाग्राम या बँडनी स्वतःच्या इंग्रजी रचना वाजवण्याचा पायंडा पाडला होता. १९८६ पासून भरणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव शहरातील बँडना वर्षातून एकदा मोठा मंच देत असे. त्याचे घर होते धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह. आजूबाजूला रुग्णालये व महाविद्यालये असल्याने हा भाग शांतता क्षेत्रात मोडला. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० मध्ये आले. त्यांनुसार रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालयांभोवतीच्या १०० मीटरच्या पट्ट्याला शांतता क्षेत्राचे संरक्षण मिळाले आणि रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकांवरही बंधने आली. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत रंगभवनातील रॉक मैफली थांबल्या. महोत्सव पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारख्या ठिकाणी हलला.

उरले महाविद्यालयीन महोत्सव आणि जुहूच्या रॅझबेरी ऱ्हायनोसेरससारखे मोजके क्लब. तेथेही श्रोत्यांना परिचयाची परदेशी गाणी हवी असत. अशा काळात केवळ स्वतःच्या रचना, त्याही गुरगुरत्या आवाजात, वाजवणाऱ्या बँडला कार्यक्रम मिळवणे अवघड होते. डेमॉनिक रिझरेक्शनची पुढची वाटचाल समजून घ्यायची तर ही अडचण ध्यानात ठेवावी लागते. बँडने संगीतासोबत त्या संगीताला लागणारी जागाही स्वतःच उभी केली.

महानगराच्या मैफलींचा एक केंद्रबिंदू नंतर खाडीपलीकडे सरकला. नवी मुंबईत नेरूळ येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यू-टू (डिसेंबर २०१९) आणि कोल्डप्ले (जानेवारी २०२५) यांचे कार्यक्रम झाले. मात्र स्टेडियम भरणारे परदेशी पाहुणे आणि शे-दोनशे श्रोत्यांसमोर वाजवणारे स्थानिक मेटल बँड यांच्यामधली मध्यम आकाराची, परवडणारी सभागृहे या परिसरात कमीच राहिली.

वाटचाल : पहिले दशक

‘डेमनस्टीलर’ (२०००) हा पहिला अल्बम. पुढील कामाच्या तुलनेत त्याचे ध्वनिमुद्रण कच्चे आहे, पण वेगवान गिटार आणि कीबोर्डचा गडद पडदा ही मूळ कल्पना त्यातही आहे.

दुसरा अल्बम यायला पाच वर्षे लागली. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) हा मखीजाच्या स्वतःच्या डेमनस्टीलर रेकॉर्ड्सने काढला. बँडची खरी ओळख येथून सुरू होते. यात गायनाचे दोन पदर पक्के झाले : एक घशातून काढलेला गुरगुराट, दुसरा मोकळा, सुरेल आवाज. हे दोन्ही मखीजाच गातो. रचना लांब झाल्या आणि एकाच गाण्यात वेग अनेकदा बदलू लागला. ‘अपॉकॅलिप्टिक डॉन’ हे यातील गाणे मैफलींत लोकप्रिय ठरले.

‘बियाँड द डार्कनेस’ (२००७) या ईपीनंतर (छोट्या अल्बमनंतर) ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) आला आणि तीन ध्वनिमुद्रणांची ‘डार्कनेस’ मालिका पूर्ण झाली. या अल्बममध्ये मखीजाबरोबर डॅनिएल रेगो (गिटार), हुसेन बंदुकवाला (बेस), मेफिस्टो (कीबोर्ड) आणि वीरेंद्र कैथ (ड्रम) हे वादक होते. ‘द अनरिलेंटिंग सर्ज ऑफ व्हेन्जन्स’ या गाण्यात बँडची परिपक्व पद्धत दिसते. ब्लास्ट बीटच्या (ड्रमच्या अतिवेगवान ठेक्याच्या) भडिमारातून मध्येच चाल मंदावते, कीबोर्ड पुढे येतो, मोकळ्या आवाजातील ओळ सुरू होते आणि मग मूळ वेग परत येतो.

आंतरराष्ट्रीय दखल

‘द रिटर्न टू डार्कनेस’ जगभर वितरित करण्यासाठी ब्रिटनच्या कॅन्डललाइट रेकॉर्ड्सने बँडशी करार केला. एम्पररचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ आणि स्वीडनच्या ओपेथचा पहिला अल्बम याच कंपनीने काढलेले. ज्या संगीतावर मुंबईतली ही मुले वाढली, त्याच संगीताच्या कंपनीकडून त्यांचे काम बाजारात आले, हे भारतीय मेटलच्या दृष्टीने नवे होते. २०१० मध्येच ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाच्या गोल्डन गॉड्स पुरस्कारांत ‘ग्लोबल मेटल’ या वर्गाचा पुरस्कार बँडला मिळाला. त्याच वर्षी ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात त्याचे वादन झाले. जर्मनीतील वाकेन या मेटलच्या मोठ्या महोत्सवातही बँडने पुढे हजेरी लावली.

उत्तरकाळ : ‘द डेमन किंग’ आणि ‘दशावतार’

‘द डेमन किंग’ (२०१४) हा अल्बमही कॅन्डललाइटनेच काढला. निशिथ हेगडे (गिटार) आणि अश्विन श्रीयान (बेस) हे आता बँडमध्ये होते. एका राक्षसी राजाच्या कल्पनेभोवती अल्बम बांधलेला आहे. गिटारचे एकल वादन अधिक सफाईदार आणि ध्वनी अधिक नेमका आहे. आशय मात्र अजून युरोपीय कल्पनाविश्वातलाच होता.

‘दशावतार’ (२०१७) येथे बँडने विषय बदलला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत विष्णूचे दहा अवतार, प्रत्येकावर एक गाणे, अशी अल्बमची रचना. गीते इंग्रजीतच आहेत, पण भारतीय वाद्यांचे सूर प्रथमच बँडच्या ध्वनीत ठळकपणे मिसळले. नवव्या अवताराच्या जागी बुद्ध आहे. महाराष्ट्रातील जुन्या पंचांगांत आणि चित्रांत त्या जागी विठ्ठलही आढळतो. कोकणातील दशावतार या लोकनाट्याशी अल्बमचा संबंध नाही; आधार पुराणकथांचा आहे.

ही दिशा सर्वस्वी नवी नव्हती. सिंगापूरच्या रुद्र या बँडने १९९० च्या दशकापासून संस्कृत श्लोक आणि वेदान्ताचे विचार डेथ मेटलमध्ये आणले होते आणि त्या शैलीला ‘वेदिक मेटल’ हे नाव मिळाले होते. डेमॉनिक रिझरेक्शनचा भर तत्त्वज्ञानापेक्षा कथेवर आहे. नरसिंहाचे खांबातून प्रकट होणे, परशुरामाचा संहार, कल्कीचा युगान्त या प्रसंगांतला रौद्र आणि भयानक रस मेटलच्या स्वभावाला मुळातच जवळचा. युरोपीय गॉथिक कल्पनाविश्वातले किल्ले, मठ आणि हिवाळा मुंबईत परकेच. त्यांच्या जागी बँडला घरातल्या गोष्टींतून ओळखीचे अवतार सापडले. यामुळे ध्वनीचा पाया न बदलता आशय स्थानिक झाला.

शैली

बँडच्या रचनेचा कणा गिटारचा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) आहे. तारा नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेल्या असतात. त्यावर डबल बेस ड्रमचा सलग मारा असतो. कीबोर्ड केवळ पार्श्वभूमी भरत नाही, तर अनेक ठिकाणी मुख्य धून तोच वाजवतो. या बाबतीत बँड शुद्ध डेथ मेटलपासून दूर आणि गॉथिक व सिंफनिक परंपरेच्या जवळ जातो. मोकळ्या आवाजातील ओळी बहुधा गाण्याच्या मध्यावर किंवा शेवटाकडे येतात आणि त्यांत पॉवर मेटलची उंच, गाता येण्याजोगी चाल जाणवते. कट्टर ब्लॅक मेटल श्रोते याच सुरेलपणाला मवाळ म्हणत आले आहेत. ज्यांना हा प्रकार नवा असतो, त्यांना मात्र तोच आत शिरायला वाट देतो.

पाचही अल्बम सलग ऐकले तर वाढ तीन टप्प्यांत दिसते. आधी प्रभावांचे अनुकरण. मग लांब रचनांतून प्रभाव पचवणे. शेवटी आशयाची स्वतःची भूमी. वादनाचे कौशल्य आणि ध्वनिमुद्रणाची गुणवत्ता या तिन्ही टप्प्यांत चढत गेली; गायनाचे दोन पदर आणि कीबोर्डची भव्यता मात्र कायम राहिली.

संस्थात्मक कार्य

डेमनस्टीलर रेकॉर्ड्स ही कंपनी मखीजाने स्वतःच्या बँडपुरती ठेवली नाही. इतर भारतीय मेटल बँडची ध्वनिमुद्रणेही तिने काढली. ‘रिझरेक्शन फेस्टिव्हल’ या नावाने त्याने मेटलच्या मैफली भरवल्या. परदेशी गाणी वाजवण्याऐवजी स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या बँडना त्यांत स्थान होते. भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा हे मुंबईचे समकालीन बँड. या सर्वांच्या वाढीत ध्वनिमुद्रण, आयोजन आणि प्रसार ही कामे कलावंतांनीच वाटून घेण्याची रीत महत्त्वाची ठरली. सॅम डन व स्कॉट मॅकफेडन यांच्या ‘ग्लोबल मेटल’ (२००८) या माहितीपटात भारतीय मेटलचा समावेश झाला, त्यामागे ही काही वर्षांची मशागत होती.

मखीजाचे इतर उद्योगही याच वर्तुळातले. रेप्टिलियन डेथ हा अधिक आक्रमक डेथ मेटलचा प्रकल्प. वर्कशॉप हा विनोदी रॉक बँड, ज्याचे ‘खुनी मुर्गा’ गाजले. ‘हेडबँगर्स किचन’ ही स्वयंपाक आणि मेटल यांना एकत्र आणणारी यूट्यूब मालिका, जी पुढे कीटो आहाराच्या पाककृतींकडे वळली. डेमनस्टीलर या नावाने त्याने एकल अल्बमही काढले. ‘धिस बर्डन इज माइन’ (२०१६) यात अमेरिकेच्या नाइल बँडचा ड्रमवादक जॉर्ज कोलियस याने साथ केली. ‘द प्रोपगंडा मशीन’ (२०२३) राजकीय आशयाचा आहे. पुराणकथेतून वर्तमानाकडे आलेले हे वळण आहे.

मूल्यमापन

भारतीय भाषांत न गाणारा, चित्रपटसंगीताच्या बाजारपेठेबाहेरचा हा बँड मोठा श्रोतृवर्ग मिळवू शकला नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. सभासद बदलत राहिले, दोन अल्बममधील अंतर तीन ते पाच वर्षांचे राहिले. तरीही सतरा वर्षांत पाच पूर्ण अल्बम काढून ‘दशावतार’पर्यंत पोचणे हे मुंबईच्या मेटल बँडसाठी दुर्मीळ सातत्य आहे. त्याचे महत्त्व दोन बाबींत सांगता येते. परदेशी शैली आत्मसात करून तिच्याच देशांत मान्यता मिळवता येते, हे त्याने सिद्ध केले. आणि मंच, कंपनी, श्रोते यांची वाट न पाहता ती उभी करणे हाही कलानिर्मितीचाच भाग आहे, ही धारणा त्याने पुढील पिढीच्या बँडमध्ये रुजवली. यातली दुसरी बाब अधिक टिकाऊ. तिचा लाभ मेटलबाहेरच्या स्वतंत्र बँडनाही झाला.