दापोलीचा उतारा

दापोली तालुक्यात बाहेरून आलेल्या माणसाच्या मुक्कामाची फार जुनी खूण कोटजाई नदीकाठच्या पन्हाळेकाजी लेण्यांत सापडते. डोंगरात खोदलेल्या या २९ लेण्यांची सुरुवात बौद्धांनी केली. पुढे तीच जागा शैवांनी आणि नाथपंथीयांनी वापरली. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकंती थांबवून एका ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम होता. कोकणातला आषाढ ज्याने पाहिला आहे, त्याला या नियमाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

मध्ययुगात दाभोळ बंदर भरभराटीला आले आणि व्यापाऱ्यांचा राबता वाढला. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी बहमनी मुलूख हिंडून १४७० च्या दशकात दाभोळहूनच जहाजाने होर्मुझकडे निघाला. या देशात परदेशी व्यापारी सराईत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांना रांधून वाढतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. निजायला जागा आणि बाईच्या हातचे जेवण, ही जोडी या किनाऱ्यावर पुढेही टिकून राहिली.

आडगावी मात्र सराई नव्हती. वाटसरू देवळात, धर्मशाळेत नाहीतर एखाद्याच्या ओटीवर वळकटी सोडत असे. भाडे नव्हते, पण तेवढ्यावरून हा मुक्काम सर्वांना मोकळा होता असे समजू नये. पाहुण्याचे आडनाव, गाव, कुलदैवत विचारले जाई आणि त्यावरून तो ओटीवर राहील की माजघरात पानावर बसेल, हे ठरे. आसूदच्या व्याघ्रेश्वराला येणाऱ्या देशावरच्या कुळांची सोय कुळाचे उपाध्ये पाहत. ओळख नसलेल्याने शिधा बरोबर बाळगावा आणि तीन दगडांची चूल मांडावी, अशी रीत होती. मुरूडचे धोंडो केशव कर्वे १८७५ च्या सुमारास पावसाळी दिवसांत परीक्षेसाठी साताऱ्याला गेले, ते शंभराहून अधिक मैल पायी. शिकायला बाहेरगावी गेलेल्या गरीब विद्यार्थ्याच्या राहण्याखाण्याचा प्रश्न त्या काळी वार लावून सुटे: सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. हीदेखील जातीच्या चौकटीतलीच सोय होती.

इंग्रजांनी १८१८ नंतर दापोलीला लष्करी छावणी बसवली आणि गावाला ‘कॅम्प’ हे नाव चिकटले. इंग्रजी अमलात अशा ठाण्यांवर आणि मोठ्या रस्त्यांवर डाकबंगले आले. भाडे ठरलेले, खानसामा हाताशी, पण पहिला हक्क सरकारी अंमलदाराचा. दापोलीत महार पलटणींतले अनेक पेन्शनर स्थायिक झाले होते. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंबही काही काळ इथे राहिले, आणि बाळ भीमरावाचे, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांचे, लहानपणाचे काही दिवस त्यामुळे कॅम्पात गेले. सरकारची चाकरी केलेल्या या माणसांना वाटेतली धर्मशाळा मात्र बंद असे. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला, तो अस्पृश्यांना पाणवठे खुले करणारा म्हणून सर्वांच्या लक्षात आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हेही त्यात होते, याचा सहसा विसर पडतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. आंबेडकर सरकारी डाकबंगल्यात उतरले होते. त्या काळी धर्माच्या नावाने बांधलेल्या जागेपेक्षा सरकारी बंगल्याचा दरवाजा त्यांना जवळचा ठरला.

त्याच काळात मुक्कामाची उलटी वाटही वाहती झाली. हर्णैला बोट किनाऱ्यापासून दूर नांगर टाकी आणि उतारूंना पडावातून ने-आण करावी लागे. त्या बोटीने मुंबईला गेलेला चाकरमानी गाववाल्यांच्या सामाईक खोलीत पथारी टाके. पाळीचे कामगार आलटून पालटून निजत, म्हणजे एका माणसाच्या जागेत दोघांची झोप भागे. ट्रंक खोलीत आणि जेवण एखाद्या बाईने चालवलेल्या खानावळीत. स्वस्त मुक्कामाची याहून काटकसरीची रचना सुचणे कठीण. खोली मिळायला गावची ओळख लागे, हे मात्र इथेही सुटले नव्हते.

ओळखीचा हा नियम पर्यटनाने सैल केला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि खेड स्थानकावरून दापोली हाताशी आली. मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी इथल्या घरांनी वाडीतल्या एकदोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने या रिवाजाला नाव आणि नोंदणी दिली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला तर कासव महोत्सवाच्या पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होते. इथे कुलदैवत कोणी विचारत नाही. माणसे किती, जेवण शाकाहारी की मासळीचे, उकडीचे मोदक हवेत का, एवढेच आदल्या दिवशी सांगावे लागते, कारण नारळ खवण्यापासून सगळे घरातच व्हायचे असते. जागा निवडताना हिशेब सरळ असतो. समुद्रालगतची खोली महाग. दापोलीच्या एस.टी. स्टँडजवळचे लॉज सहसा स्वस्त पडते, पण समुद्र तिथून काही किलोमीटर खाली राहतो आणि शेवटची गाडी चुकली की वाचवलेले पैसे रिक्षात जातात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या आणि घरांची छपरे उडवली. पोफळ लावल्यापासून फळायला पाच-सात वर्षे लागतात. खोली मात्र पत्रे बसले की पुढच्याच हंगामात भाड्याने देता येते.