कोंडाईबारीच्या घाटातून गेलेलं रोशाचं तेल



मागच्या आश्विनात बांधावर तणनाशक मारायचं काम चालू होतं. पंप माझ्याच पाठीवर होता. कपाशीच्या वरच्या अंगाला जमीन संपते आणि मुरूम उघडा पडतो, तिथं छातीएवढ्या गवताच्या एका ठोंबाला मांडी घासली आणि एकदम गुलाबासारखा वास आला. गुलाबही नाही म्हणता येत, त्यात जरा तिखटपणा असतो. एक पान चुरगाळून नाकाला लावलं आणि चाळीस वर्षं मागे गेलो. आमच्या मोठ्या मायच्या कोनाड्यात एक बुटकी बाटली असायची, तिचा हा वास. नांगर धरून बाबांची कंबर धरली की ती म्हणायची, "रोशानं तेल लाव, मोकया व्हई जाशी."

पंप खाली ठेवला. तेवढा बांध तसाच सोडला.

आपल्याकडं याला रोशा म्हणतात, कुठं रोहिस, तर संस्कृतात रोहिष. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. गवती चहाचा हा सख्खा चुलतभाऊ. ओळखायचं कसं? पानाचा बुडखा रुंद असतो आणि तो काडीला मिठी मारल्यासारखा धरतो. पावसाळा सरताना तुरा येतो आणि पिकला की तांबूस होतो. पान चुरगाळलं की शंका राहात नाही. साक्री, पिंपळनेरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत डोंगरउतारावर हे आपोआप येतं, कोणी लावलेलं नाही.

घरी आल्यावर जुनी कागदपत्रं वाचायला बसलो. १८८० साली मुंबई सरकारनं खानदेश जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असं वेगळं काही नव्हतं, सगळा मिळून एक खानदेश. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि नंदुरबार तर १९९८ साली वेगळा निघाला. त्या काळच्या नोंदींत रोशाच्या तेलाचा धंदा चांगला तपशिलानं आलाय. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी या भागात भट्ट्या लागायच्या. १८७९-८० च्या हंगामात त्यांची संख्या १९७ होती आणि तेल निघालं सुमारे ७१ हंड्रेडवेट. आपल्या हिशोबात साधारण ३,६०० किलो.

भट्टी कशी असायची ते मला फार आवडलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाऊस ओसरला, गवत पिकायला लागलं की मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घ्यायचे आणि ओढ्याच्या काठाला मुक्काम टाकायचे. जमिनीत खड्डा खणून चूल. तिच्यावर तांब्याचा नाहीतर कल्हईच्या लोखंडाचा मोठा हंडा. तळाला पाणी, वर तोंडापर्यंत कापलेलं गवत, पुन्हा थोडं पाणी. झाकण बसवून कडेनं गव्हाची कणीक लिंपायची, म्हणजे वाफ बाहेर जात नाही. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघायची, तिच्यावर कापड, कणकेचा लेप आणि दोरी गुंडाळलेली. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या बंद हंड्यात, आणि तो हंडा गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेला. वाफ तिथं थंड व्हायची. हंडा भरला की हलायला लागायचा, तीच खूण. मग नळी अलगद काढून आतलं पाणी तिसऱ्या हंड्यात ओतायचं, ढवळायचं, आणि वर आलेलं तेल हळूहळू काढून घ्यायचं.

उरलेलं पाणी फेकत नसत. नव्या गवताबरोबर पुन्हा पहिल्याच हंड्यात टाकायचे. कृषीचे जे मित्र हे वाचताहेत त्यांच्या लक्षात आलंच असेल. रोशाच्या तेलातला मुख्य घटक थोडासा पाण्यात विरघळतो, म्हणून पाणी फेकलं तर तेलही जातं. आज स्टीलच्या युनिटमध्ये हेच काम करतात आणि त्याला कोहोबेशन म्हणतात. ओढ्याकाठच्या माणसाला तो शब्द माहीत नव्हता, काम माहीत होतं.

आता आपला शेतकऱ्याचा हिशोब लावू. शंभर किलो ओल्या गवताला तेल निघतं पाव ते अर्धा किलो. चारशे ग्रॅम धरा. म्हणजे ३,६०० किलो तेलाला गवत लागलं ९ लाख किलो. एका माणसानं उतारावर दिवसाला दोन क्विंटल कापून, बांधून भट्टीपर्यंत आणलं असं धरलं तरी ४,५०० दिवसांची मजुरी झाली. सगळं काम विळ्यानं, आणि तेही महिना-दोन महिन्यांच्या आत, कारण तुरा आल्यानंतरचेच दिवस कामाचे असतात. सगळ्यात जास्त तेल तुऱ्यात, त्याखालोखाल पानात, काडीत जवळजवळ काहीच नाही. लवकर कापलं तर तेल कमी, फार उशीर झाला की पान वाळून वास उडालेला. हा नेमका आठवडा कोणता, हे ज्याला डोंगर पाठ आहे त्यालाच कळणार.

तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलाच्या पाठीवर लादायचे. एक वाट कोंडाईबारीच्या घाटानं सुरतेला, दुसरी धुळे-मनमाड करून मुंबईला. सुरत रस्त्यानं जाताना ट्रकांच्या रांगेत त्या घाटात आपण सगळेच अडकलेलो असतो. तिथूनच हे बुधले गेले.

पुढचा प्रवास वाचून मी चाटच पडलो. मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातल्या बंदरांवर आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला जायचं. तुर्की लोक त्याला इद्रिस यागी म्हणत. ते लागायचं कशाला? गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला! बल्गेरियातल्या कझानलिकच्या गुलाबाचं अत्तर जगात नावाजलेलं. तिथं उन्हात ठेवून, लिंबाच्या रसानं साफ केलेलं आपलं रोशाचं तेल अत्तरात मिसळत, नाहीतर भट्टीत टाकण्याआधी पाकळ्यांवरच शिंपडत. युरोपच्या बाजारात त्याचं नावसुद्धा 'तुर्की जिरेनियम तेल' पडलं. ना ते तुर्कस्तानचं, ना जिरेनियमचं.

इकडं नंदुरबारलाही तेल शुद्ध राहात नव्हतं. भुईमुगाचं तेल, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, जे मिळेल ते. म्हणजे तिकडच्या भेसळीसाठी गेलेल्या मालातच इकडून भेसळ. हसू येतं, पण यात नुकसान कोणाचं झालं बघा. भाव पडला की तो पहिल्यांदा पेंढी कापणाऱ्याचा पडतो. कापूस, केळी विकणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

१८७१ साली ऑस्कर याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं भारतातल्या या गवताच्या तेलातून एक पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला. नाव दिलं जेरानिऑल, त्या चुकीच्या जिरेनियमवरूनच. साबण, अत्तरं, डास पळवायची मलमं, सगळीकडं आज जेरानिऑल आहे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ते कारखान्यात टर्पेंटाइनपासूनही बनू लागलं.

शास्त्रीय नावातला 'मार्टिनी' म्हणजे कंपनीच्या नोकरीतला फ्रेंच जनरल क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत बालाघाटच्या डोंगरात त्यानं हे गवत पाहिलं, बी गोळा केलं आणि लखनौला नेऊन लावलं. त्यानं एक गंमत लिहून ठेवली आहे: जनावरं या गवतावर तुटून पडतात आणि त्यांच्या दुधाला, लोण्यालाही त्याचा वास येतो. आमच्याकडं डोंगरात चरून आलेल्या गाईच्या दुधाला वास आला की मोठी माय ते चहाला न वापरता विरजायला लावायची. जनरलसाहेबाआधी आपल्या बायकांना हे माहीत होतं, असं मी खुशाल म्हणतो.

अभ्यासू मित्रांसाठी आणखी एक. व्यापारात मोतिया आणि सोफिया अशी दोन नावं चालतात. जुन्या काही नोंदींत हे एकाच गवताचे दोन टप्पे मानलेत, कोवळा तुरा तो मोतिया, पिकून लाल झाला की सोफिया. पुढं विसाव्या शतकात कळलं की हे दोन वेगळे प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर विरळ ठोंबांनी येतो, त्याच्या तेलात जेरानिऑल ७५ ते ९० टक्क्यांच्या आसपास. सोफिया ओलसर जागी दाट वाढतो, त्याचं तेल कमी प्रतीचं. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच. त्यामुळं कुठल्या उतारावरचं गवत घ्यायचं, हेही कापणाऱ्याच्याच हातात.

आता घरातली गोष्ट. माझ्या मायचे गुडघे पाच-सहा वर्षांपासून दुखतात. बाजाराच्या दिवशी एका पालावरून 'शुद्ध रोशा तेल' म्हणून बाटली आणली होती. महिनाभर चोळलं. वास पहिल्या दिवशी, नंतर नुसता चिकटपणा. हे सगळं वाचल्यावर एक थेंब कोऱ्या कागदावर टाकला. दुसऱ्या दिवशी कागदावर तेलकट डाग तसाच. खरं सुगंधी तेल उडून जातं, असा डाग ठेवत नाही. दुसरी परीक्षा स्पिरिटची: त्यात खरं तेल विरघळतं, खाद्यतेल मिसळलेलं असेल तर दुधासारखं गढूळ होतं. टर्पेंटाइनची भेसळ मात्र कागदावर कळणार नाही, तेव्हा कागद पास झाला म्हणजे माल शुद्ध, असंही धरू नका.

नंतर ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या भट्टीवर जाऊन डोळ्यांसमोर काढलेलं तेल आणलं. दोन चमचे तिळाच्या तेलात पाच थेंब, रात्री हलक्या हातानं. मायला बरं वाटतं. ऊब येते, झोप लागते. गुडघ्याची झीज भरून निघाली असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी दिलेला व्यायाम आणि गोळी चालूच आहे. नुसतं तेल कातडीला लावू नका, आग होते. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा. पोटात घ्यायचं नाही, डोळ्याजवळ न्यायचं नाही, लहान लेकरांना आणि गरोदर बाईला लावायचं नाही. गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला, तर तेल बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

लागवडीचं विचाराल म्हणून सांगतो. लखनौच्या सीमॅप संस्थेच्या तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ अशा जाती आहेत. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत येतात आणि एकदा लावलं की चार-पाच वर्षं कापण्या मिळतात. पण जवळ भट्टी नसेल आणि घेणारा ठरलेला नसेल तर कोणाच्या सांगण्यावरून एकर-दोन एकर लावून बसू नका. बांधावर आपोआप आलेले चार ठोंब मात्र मारू नका. मुरूम धरून ठेवतात, औतालाही आड येत नाहीत.

यंदा कार्तिकात त्या सोडलेल्या बांधावर अकरा ठोंबांना तुरा आला. मायला हाताला धरून तिथपर्यंत नेलं. तिनं तुरा चोळून वास घेतला आणि म्हणाली, आठ दिवस आधी कापायचं होतं. मी तारीख लिहून ठेवली आहे.

कोंडाईबारी, नवापूर, अक्राणी भागातल्या कुणाच्या घरी जुना भट्टीचा हंडा अजून असेल, अगदी धान्य ठेवायला वापरत असले तरी चालेल, त्याचा फोटो पाठवा. बघायला मी स्वतः येईन.