रंगभूषेचे कार्ड

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत इतिहासावर लिहावयाचे म्हणजे पाबळकरणीच्या मनात पहिले नाव यावे ते मस्तानीचेच. तिची समाधी आपल्या गावात आहे. थोरल्या बाजीरावांनी पाबळ, केंदूर व लोणी ही गावे तिला दिली, आणि १७४० साली बाजीरावांच्या पाठोपाठ तिचाही अंत झाला. तिच्या नृत्यगायनाची कीर्ती सर्वांच्या कानी होती. परंतु पेशव्यांच्या घरात तिला जागा द्यावयाची वेळ आली तेव्हा काय झाले, हे मी आपणांस सांगावयास नको. बाईची कला हवी, पण तिला हक्काने बसावयास पाट मात्र नको, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्या रीतीची अगदी अलीकडची एक हकीकत आज सांगावयाची आहे. ती कुणा पेशव्यांची नाही. हाती रंगपेटी घेऊन पोट भरणाऱ्या बायकांची आहे.

भगिनींनो, लग्नसराईत नवरीला सजविणाऱ्या मुली आता गावोगावी दिसतात. केस विंचरून अंबाडा घालणे, चेहऱ्यास रंग लावणे, शालू नीट नेसविणे, या कामाचे चार पैसे होतात आणि ते घराला लागतात. तेव्हा अशा मुलीस उद्या कुणी म्हणाले, “तू बाई आहेस, म्हणून केसांना हात लाव, चेहऱ्याला लावू नकोस,” तर आपण हसून सोडून देऊ. परंतु मुंबईच्या चित्रपटसृष्टीत हा नियम खरोखरीच होता, आणि तो २०१४ सालापर्यंत चालला.

याच चित्रपटसृष्टीचा आरंभ आठवून पाहा. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला तेव्हा तारामतीच्या कामास स्त्री मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषास लुगडे नेसावे लागले. पुढे १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे त्यांनीच केली. मधल्या काळात, १९१३ सालीच, दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करण्याचे धाडस केले आणि पडद्यावर स्त्री आली. रंगभूमीवर तर बालगंधर्वांसारखे थोर नट स्त्रीवेषात वावरत होतेच. म्हणजे जेथे पुरुषाने स्त्री व्हावे याचे कुणास नवल वाटले नाही, तेथेच पुढे स्त्रीने दुसऱ्याच्या चेहऱ्यास रंग लावावा, यास मात्र बंदी झाली.

ती कशी झाली, हे नीट समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत निरनिराळ्या राज्यांत केशभूषा व सौंदर्यप्रसाधन करणारांस सरकारी मंडळाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि काही कसूर झाली तर तेच मंडळ चौकशी करते. मुंबईच्या चित्रपटधंद्यात असे सरकारी मंडळ नव्हते. तेथे परवान्याचे काम कामगार संघटनेचे कार्ड करीत असे. रंगभूषा, वेशभूषा आणि केशभूषा करणारांची एक नोंदणीकृत संघटना होती: सिने कॉस्च्यूम मेकअप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन. तिचे कार्ड असेल तर चित्रीकरणावर काम करावयाचे. नसेल तर दंड भरावयाचा. संघटनेचा शिरस्ता असा की, रंगभूषेचे कार्ड पुरुषांना आणि केशभूषेचे बायकांना. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याची अटही होती. त्यामुळे ज्या बायका रंगभूषा शिकून आल्या, त्यांनी चोरून काम करावे, तपासणीस माणसे आली की नटनट्यांच्या गाडीत लपून बसावे, असा प्रकार चाले. उत्तम काम येत असून लपावे लागणे, यासारखी मानहानी दुसरी कोणती?

चारू खुराना या अशाच एक रंगभूषाकार. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळेत त्यांनी रंगभूषेचे रीतसर शिक्षण घेतले होते. त्यांनी कार्डासाठी अर्ज केला. २००९ साली तो नामंजूर झाला. कारण काय? तर आजवर कोणत्याही स्त्रीस रंगभूषेचे कार्ड दिलेले नाही, आणि दिल्यास पुरुष रंगभूषाकारांवर अन्याय होईल. पुढे कार्डावाचून काम केल्याबद्दल त्यांना २६,५०० रुपये दंडही सांगण्यात आला. आधी कार्ड द्यावयाचे नाही, आणि मग कार्ड नाही म्हणून दंड करावयाचा! आपल्या आजीने यास ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ असे म्हटले असते.

येथे दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. संघटना ही काही धनिकांची नव्हती. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या कष्टकऱ्यांची ती होती, आणि कार्ड हेच त्यांचे संरक्षण होते. नट्या रंगभूषेसाठी बायकांनाच बोलावतील, मग आपण कोठे जावे, हे भय त्यांना वाटत होते. भय खोटे नव्हते. त्यावर शोधलेला उपाय खोटा होता. आपल्या ताटातली भाकरी राखण्यासाठी शेजारणीची चूल विझवावी, हा काही न्याय नव्हे.

१९२६ चा कामगार संघटना कायदा त्या वेळी लागू होता. पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही व्यक्तीस संघटनेचे सभासद होता येते, असे त्यात म्हटले होते. त्यात स्त्री-पुरुष असा भेद नव्हता. शेवटी २०१३ साली खुराना व त्यांच्याबरोबरच्या अर्जदारांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. आता कुणी विचारील की, संघटना म्हणजे काही सरकार नव्हे. मग तिला राज्यघटना कशी लागू? या शंकेचे उत्तर साधे आहे. संघटनेचे नियम सरकारी निबंधकाकडे नोंदले जातात, आणि त्या नोंदणीच्या बळावरच तिला अधिकार मिळतो. घटनेच्या विरुद्ध जाणारा नियम निबंधकाने मान्य करावयाचा नसतो, आणि तसा तो दप्तरी राहिला तरी टिकत नाही.

न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि न्यायमूर्ती उदय ललित यांच्यापुढे सुनावणी झाली. हे २०१४ साल आहे, १९३५ नव्हे, अशा आशयाचे उद्गार त्या वेळी न्यायासनावरून निघाले. १० नोव्हेंबर २०१४ रोजी निकाल लागला. स्त्रियांना रंगभूषेपासून दूर ठेवणारा नियम आणि पाच वर्षांच्या वास्तव्याची अट, दोन्ही रद्द झाली. समानता, लिंगभेदास मनाई, कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य आणि सन्मानाने जगण्याचा हक्क, या घटनेतील कलमांवर तो निकाल उभा आहे. अर्जदार स्त्रियांना सभासद करून घ्यावे, असा हुकूम झाला; आणि त्यांना कुणी त्रास दिल्यास पोलिसांनी लक्ष घालावे, असेही सांगण्यात आले.

ही वाट एकट्या रंगभूषेची नव्हे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा उतरल्या. परंतु बाईने वकिली करू नये ही आडकाठी १९२३ च्या कायद्याने दूर होईपर्यंत तीस वर्षे गेली. हवाई सुंदरींना कोणत्या कारणासाठी नोकरीतून काढता येते, याचा खटला १९८१ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. आणि धंद्याच्या हक्काची आणखी एक बाजू आपल्याच महाराष्ट्राने दाखविली आहे. १८९० साली मुंबईच्या नाभिक बांधवांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय केला. एका ठिकाणी कारागीर म्हणाले, “हे काम आम्ही करणार नाही”, दुसऱ्या ठिकाणी बाई म्हणाली, “हे काम मी करणारच.” दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: हातातल्या कसबाचा धनी कोण?

या हकीकतीतून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, नकार असो वा दंड, तो लेखी मागावा. चारूताईंच्या हाती नकाराचे पत्र होते, म्हणून पुढचा मार्ग मोकळा झाला. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. दुसरी गोष्ट, शिक्षणाचे प्रमाणपत्र, केलेल्या कामाची नोंद, पैशांची पावती ही आपल्या दागिन्यांइतकीच जपून ठेवावी. तिसरी, दंड सांगणाऱ्यास विचारावे की, कोणत्या नियमाने? आणि माझे म्हणणे केव्हा ऐकणार? ऐकून न घेता शिक्षा करू नये, हे न्यायाचे पहिले पाऊल आहे. आणि चौथी, एकटीने जाऊ नये. कोर्टाची पायरी चारूताईंनीही एकटीने चढली नाही.

१९८३ साली डॉ. कलबाग यांनी आपल्या पाबळात विज्ञान आश्रम काढला, तो हाताने काम करीत शिकावे म्हणून. हातास कसब आले की माणूस ताठ चालू लागतो, हे आपल्या गावाने पाहिले आहे. परंतु कसबाच्या जोडीला हक्काचे ज्ञान नसेल तर तेच हात उद्या गाडीत लपून बसतात. शिवण असो, पापड असो वा नवरीचा शृंगार असो, शिकविताना धाग्यादोऱ्याबरोबर कायद्याची चार वाक्येही शिकवावीत, एवढीच या वर्धापनदिनी मंडळाच्या भगिनींना माझी विनंती आहे.