सांधा, सिग्नल आणि कर्नेल : ठाणे-कल्याणच्या रुळांवरून संगणकाच्या गाभ्याकडे

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन निघालेली गाडी ठाण्याला पोहोचली, हे शाळेच्या पुस्तकात असते. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, खाडीवर पूल बांधून आणि डोंगरात दोन बोगदे खोदून तोच मार्ग कल्याणला गेला. पुस्तकात नसतो तो एक साधा प्रश्न : एक गाडी पुढे गेली असताना त्याच रुळावर दुसरी सोडायची केव्हा?

आजच्या धाग्याचा विषय हाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर आपल्या मोबाइलच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आजही रोज दिले जाते आणि त्यातील एका महत्त्वाच्या यंत्रणेने आपले नावच रेल्वेकडून घेतले आहे.

रेल्वेच्या आरंभीच्या काळात उत्तर घड्याळात शोधले जाई. पहिली गाडी सुटून ठरावीक मिनिटे झाली की दुसरी सोडायची. पहिली वाटेत बंद पडली असेल, तर ते घड्याळाला कसे कळणार? २५ ऑगस्ट १८६१ रोजी इंग्लंडमधील क्लेटन बोगद्यात याची किंमत २३ जणांनी प्राण देऊन चुकवली. त्या सकाळी तीन गाड्या पाठोपाठ आल्या. पहिली बोगद्यात शिरली, पण आपोआप फिरायला हवा होता तो सिग्नल फिरला नाही. दुसरी आली, तिला सिग्नलमनने लाल निशाण दाखवले. ते चालकाला अखेरच्या क्षणी दिसले आणि तो आत जाऊन थांबला. सिग्नलमनने पलीकडच्या टोकाला तारेने विचारले, बोगदा मोकळा आहे का? उत्तर आले, मोकळा आहे. ते उत्तर पहिल्या गाडीविषयी होते, विचारणाऱ्याने ते दुसरीविषयी समजून घेतले. तिसरीला मार्ग मिळाला. आत दुसरी गाडी मागे येत होती.

निरोप खरा होता, यंत्रही चालत होते. फक्त तो निरोप कोणत्या गाडीचा, हे कोठेही बांधलेले नव्हते. संगणकशास्त्रात या प्रकारच्या दोषाला आज ‘रेस कंडिशन’ म्हणतात.

यातून ‘ब्लॉक’ची कल्पना दृढ झाली. मार्गाचे तुकडे पाडायचे आणि एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी, मग घड्याळ काहीही सांगो. एकेरी मार्गावर तर चालकाच्या हाती प्रत्यक्ष टोकन दिले जाई. दोन स्थानकांची यंत्रे विजेने अशी जोडलेली की एक टोकन बाहेर असताना दुसरे निघतच नाही.

कल्याणसारख्या जंक्शनवर एवढ्याने भागत नाही. तेथे मार्ग फुटतात, एक शहाडवरून कसाऱ्याकडे, दुसरा विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे. एकाच पातळीवरच्या साध्या फाट्यावर कसाऱ्याहून मुंबईकडे येणारी गाडी आणि मुंबईहून कर्जतकडे निघालेली गाडी एकमेकींना छेदतात. पूर्वी सांधेवाल्याने सांधा फिरवायचा आणि सिग्नल वेगळ्या हाताने पडायचा. दोघांच्या स्मरणावर शेकडो जीव! जॉन सॅक्स्बी याने १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल यांचे लिव्हर एकमेकांत अडकवण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. ‘इंटरलॉकिंग’मुळे केबिनमनने चुकीचा लिव्हर ओढायचे ठरवले तरी तो हलतच नाही. दिव्याच्या फाटकापाशी वर्षानुवर्षे लोकल का खोळंबत, याचे उत्तरही येथेच आहे. वाहनांच्या गर्दीत फाटक पूर्ण बंद झाले नाही, तर सिग्नल पडू शकत नाही. प्रवासी चिडतात, पण यंत्रणा नेमके आपले काम करीत असते.

आता शंभर वर्षे पुढे जाऊ. १९६१ मध्ये एमआयटीत सीटीएसएस ही यंत्रणा प्रथम चालून दाखवण्यात आली. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायचा. रूळ एक, गाड्या अनेक. त्याच दशकात एके दुपारी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर नित्याच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून येऊ लागली. कारण क्लेटनची आठवण करून देणारे आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी संपादन करीत होते, एक सूचनेचे, दुसरा पासवर्डांचे, आणि संपादकाची तात्पुरती फाइल दोघांसाठी एकाच नावाची होती. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या जागी गेला.

नेदरलँड्समध्ये एड्स्खर डाइक्स्ट्रा त्याच सुमारास हाच पेच सोडवीत होता. एका वेळी एकाच प्रोसेसने शिरावे अशा भागासाठी त्याने ‘सेमाफोर’ ही रचना मांडली. हे नाव रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलचे, आणि ती परिभाषा रेल्वेची असल्याचे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याच्या ‘पी’ आणि ‘व्ही’ या दोन क्रिया डच शब्दांची आद्याक्षरे आहेत, एकाचा अर्थ पार होणे, दुसऱ्याचा मोकळे करणे.

मात्र सेमाफोर हा सभ्य माणसांचा करार आहे. सिग्नल न जुमानणाऱ्या प्रोसेसला तो अडवीत नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गावर लाल सिग्नल ओलांडला गेला तर गाडीचे ब्रेक आपोआप लागण्याची सोय करावी लागली, ती याच कारणाने. संगणकात हे काम प्रोसेसर आणि कर्नेल मिळून करतात. प्रत्येक प्रोसेसला स्मृतीचा स्वतंत्र नकाशा मिळतो. शेजारणीचा पत्ता त्या नकाशात नसतोच. फाइल उघडायची, तर विनंती कर्नेलकडे जाते. युनिक्समध्ये मालक, गट आणि इतर यांचे अधिकार तपासून कर्नेल एक क्रमांक हाती देते. तो क्रमांक म्हणजे टोकनच. म्हणूनच फाइल उघडल्यानंतर कोणी तिचे अधिकार काढून घेतले, तरी ज्याच्या हाती टोकन आहे तो साधारणपणे वाचत राहतो. सुरक्षेच्या अभ्यासकांना ही गोष्ट फार दिवस टोचत आली आहे.

१९७५ मध्ये सॉल्ट्झर आणि श्रोडर यांनी संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांपैकी एक असे : परवानगी नसणे हीच मूळ स्थिती असावी. कल्याणच्या पुढे, कसारा आणि बोर या घाटांत, हे तत्त्व लोखंडात घडवलेले आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा नेहमी ‘कॅच सायडिंग’कडे, म्हणजे चढावाच्या आडमार्गाकडे लावलेला असतो. गाडी आधी थांबते, ब्रेक ताब्यात असल्याचे सिद्ध होते, मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. सुसाट आलेली गाडी आडमार्गाला लागते.

जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा दोष जाहीर झाला, तेव्हा प्रोसेसरमध्ये नेमका हाच क्रम उलटा असल्याचे दिसले. वेग वाढावा म्हणून असंख्य प्रोसेसर कर्नेलच्या स्मृतीतील मजकूर आधी वाचू लागत आणि अधिकाराची तपासणी मागाहून पूर्ण करीत. नकार मिळाल्यावर वाचलेले टाकून दिले जाई, पण कॅशमध्ये त्याचा माग उरे, आणि त्या मागावरून मजकूर ओळखता येई. सांधा वळण्यापूर्वीच गाडी निघून गेलेली असे. उपाय म्हणून लिनक्सने कर्नेलचा नकाशा सामान्य प्रोसेसच्या नकाशातून जवळजवळ संपूर्ण काढून टाकला. त्यामुळे कर्नेलमध्ये ये-जा करताना दर वेळी नकाशा बदलावा लागू लागला आणि काही कामांचा वेग घटला.