विंचवाची नोंदवही

संगमेश्वराकडच्या माणसाला विंचू म्हणजे काय, हे सांगायला नको. जांभ्याच्या गडग्यात किंवा भाताच्या भाऱ्याखाली हात जातो आणि ठणका लागतो. पण लाल विंचू नुसत्या ठणक्यावर थांबत नाही. दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी भरून धडधाकट गडी हातचा जातो. जबर विष भिनलेल्यांपैकी शंभरांत तिसाच्या आसपास माणसे पूर्वी दगावत.

महामार्गाने उत्तरेला गेले की महाड लागते. त्या तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. त्यांनी काय केले? रोग्याच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपून ठेवला. काम दिसायला कारकुनी, पण त्या टिपणांतूनच विषाची चाल उमगली. रक्तदाबाच्या विकारावरची प्राझोसिन नावाची गोळी ह्या चालीला अडवील, असे त्यांना वाटले. १९८६ साली 'लॅन्सेट' ह्या विलायती नियतकालिकात त्यांनी हा अनुभव छापला. पुढे मृत्यूचे प्रमाण शंभरात एकावर आले.

मग विंचवाच्या विषावरची प्रतिलस आली. गोळी असताना ती कशाला, असे कुणीही विचारील. बावस्कर पतिपत्नींनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रोगी घेतले. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि लस. कोणाला काय मिळणार, हे चिठ्ठी उचलावी तशा रीतीने ठरले. डॉक्टरची मर्जी त्यात चालत नाही. नाहीतर बरा दिसणारा रोगी नकळत आवडत्या औषधाकडे जातो आणि हिशेब फसतो. दहा तासांनी पाहिले, तो लस मिळालेल्यांपैकी ३२ जण पूर्ण सावरले होते. नुसत्या गोळीवरचे ८. हा निकाल २०११ साली प्रसिद्ध झाला.

गुरुजी, तुमच्या शाळेतून विज्ञान शिकून गेलेली मुले आता ह्याच नोंदवहीवर पोट भरू शकतात, बरे का! मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी वेगळा माणूस नेमतात. त्याला क्लिनिकल रिसर्च को-ऑर्डिनेटर म्हणतात. बी.एस्सी., फार्मसी, नर्सिंग झालेली मुलेमुली ह्या कामावर असतात. तारखा सांभाळायच्या, रक्ताचे नमुने वेळेवर धाडायचे, चुकलेला आकडा खोडून न टाकता त्यावर एक रेघ मारून शेजारी सही करायची. पहिला रोगी घेण्याआधी प्रयोगाची सरकारदरबारी नोंद झालेली असावी लागते, आणि नीतिसमितीची मंजुरीही.

सगळ्यांत अवघड काम मात्र संमतीचे. कागद रोग्याला समजेल अशा भाषेत हवा. वाचता येत नसेल, तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर तो वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा घ्यायचा. घाबरलेली म्हातारी "तुम्ही सांगाल तसं" म्हणते, तेव्हा खरी कसोटी. तिला पुन्हा समजवायचे, की आजी, नको वाटलं तर मध्येच सोडता येतं, आणि सोडलंत म्हणून तुमचा उपचार थांबणार नाही.