वर्गणीदारांचे सभागृह

दरवर्षी वसंत ऋतूत, ट्यूलिप फुलायच्या सुमारास, ॲमस्टलवेनमधल्या आमच्या घराच्या दारातील पत्रांच्या फटीतून एक जाडजूड पुस्तिका आत पडते. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखबाऊ वाद्यवृंदाचा येता सीझन त्यात असतो. सप्टेंबरपासून पुढच्या जूनपर्यंत कोणत्या तारखेला कोण येणार आणि काय वाजवणार, हे सगळे छापून तयार. सोबत वर्गणीदारांसाठी अर्ज. आणि दरवर्षी तो अर्ज हातात घेतला की आमच्याकडे तोच संवाद होतो.

"पुढच्या मे महिन्यात आपण कुठे असू, हे तरी ठरलंय का?" सौ. विचारते.

प्रश्न रास्त आहे. "दोन वर्षांत परत जायचे" असे म्हणून आलेल्यांपैकी मी एक. ती दोन वर्षे संपून बरीच वर्षे झाली. पुण्याला फोन केला की आई विचारते, "मग यंदा काय?" आणि मी म्हणतो, "बघू." बघू म्हणणाऱ्या माणसाने चौदा महिने पुढच्या मैफलीचे पैसे आज भरायचे, हा विनोदच आहे. पण या विनोदातूनच मला त्या सभागृहाच्या इतिहासाची गोडी लागली. ते सभागृह उभे राहिले तेच मुळी पुढच्या वर्षाची खात्री नसताना पैसे भरणाऱ्या लोकांच्या जिवावर.

वर्गणी म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, दिवाळी अंकांची वर्गणी आणि आपल्या मंडळाची (जी अजून भरली नसेल त्यांनी कृपया खजिनदारांना गाठावे). युरोपातील मोठी संगीतगृहे राजेरजवाड्यांनी बांधली असा माझा समज होता. ॲमस्टरडॅमचे तसे नाही. १८८१ साली शहरातील जुने मैफलीचे सभागृह पाडले गेले. तेव्हा सहा नागरिक एकत्र आले, १८८२ साली त्यांनी एक कंपनी काढली आणि समभाग विकून पैसा उभा केला. व्यापाऱ्यांचे शहर, त्यामुळे संगीतही समभागांवर!

आता एक गंमत. शहरात जागा महाग, म्हणून त्यांनी शहराच्या वेशीबाहेर मोकळी दलदलीची जमीन घेतली. ती जमीन तेव्हा न्यूअर-ॲमस्टल नावाच्या शेजारच्या नगरपालिकेत होती. १८९६ साली ॲमस्टरडॅमने त्या नगरपालिकेचा मोठा भाग गिळंकृत केला. जे उरले त्याचे नाव १९६४ साली बदलून ॲमस्टलवेन झाले. म्हणजे मंडळी, जगातील उत्तम नादगुणांच्या सभागृहांमध्ये ज्याचे नाव घेतले जाते, ते मूळचे आपल्याच गावचे! आपण पाच नंबरच्या ट्रामची वाट बघत उभे असतो तेव्हा हे ध्यानात असावे.

वास्तुशिल्पी होता ॲडॉल्फ व्हॅन खेंट. इमारत १८८६ च्या अखेरीस जवळजवळ तयार झाली, पण उघडता येईना. कारण तिथे जायला धड रस्ताच नव्हता! आजूबाजूचे ओढे बुजवायचे होते, रस्ते घालायचे होते, दिवे लावायचे होते. अखेर ११ एप्रिल १८८८ रोजी उद्घाटन झाले. १२० वादक आणि ५०० गायक मंचावर होते, पण सभागृहाचा स्वतःचा वाद्यवृंद मात्र अजून नव्हता. तो तयार होऊन त्याची पहिली मैफल ३ नोव्हेंबर १८८८ रोजी झाली. आधी इमारत, मग रस्ता, मग वादक. आमच्या धंद्यात अशा क्रमाने प्रकल्प केला तर नोकरी जाईल.

पहिला संचालक विलेम केस. त्याने वादकांना शिस्त लावलीच, पण त्याहून अवघड काम केले. त्याने श्रोत्यांना शिस्त लावली. त्या काळी मैफलीत लोक टेबलांभोवती बसत, खात-पीत, गप्पा मारत. केसने हे सगळे बंद केले. वादन चालू असताना बोलायचे नाही, उशिरा आत यायचे नाही. लोक कुरकुरले असणारच. पण सात वर्षांत त्याने ॲमस्टरडॅमच्या व्यापाऱ्यांना गप्प बसून ऐकायला शिकवले.

हे वाचताना मला आपले पुणे आठवले. १८७४ साली, म्हणजे कॉन्सर्टखबाऊच्या आधी चौदा वर्षे, पुण्यात गायन समाज स्थापन झाला. दरबार आणि दिवाणखान्यांबाहेर, सभ्य नागरिकांना एकत्र बसून गाणे ऐकता यावे आणि शिकता यावे, हा हेतू. पुढे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. म्हणजे गाण्याचा पोशिंदा कोण, राजा की नागरिक, हा प्रश्न दोन्हीकडे एकाच सुमारास पडला होता आणि दोन्हीकडे उत्तर एकच आले. खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे केस झाला नाही, हे एका अर्थी बरेच झाले. लहानपणी बाबांबरोबर रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सवाला जायचो. तेव्हा सीझन तिकिटाइतकेच महत्त्व पहाटेच्या चहाला आणि घरून नेलेल्या डब्याला होते. इथे पहिल्या मैफलीत सिंफनीचा पहिला भाग संपताच मी मनापासून टाळ्या वाजवल्या. एकट्याने. दोन हजार माणसांच्या शांततेत. केसचे भूत जिन्यावरून माझ्याकडे बघत असावे.

१८९५ साली केस स्कॉटलंडला गेला आणि अवघ्या २४ वर्षांचा विलेम मेंगेलबर्ग आला. तो पन्नास वर्षे राहिला. त्याने गुस्ताव्ह माहलरला ॲमस्टरडॅमला बोलावले. २३ ऑक्टोबर १९०४ च्या संध्याकाळी माहलरची चौथी सिंफनी एकाच मैफलीत दोनदा वाजवली गेली, मध्यंतरापूर्वी आणि मध्यंतरानंतर. नवे संगीत एकदा ऐकून कळत नाही, म्हणून पुन्हा ऐका! इथे वर्गणीचे खरे मर्म आहे असे मला वाटते. सुटे तिकीट घेणारा ओळखीचेच ऐकायला येतो. वर्गणीदार मालिकेतील सगळेच ऐकतो, कारण पैसे भरून झालेले असतात. त्याच्या या काटकसरी स्वभावावर विसंबूनच वाद्यवृंद बेथोव्हनच्या शेजारी एखादे अनोळखी नाव घालू शकतो. १९२० च्या मे महिन्यात मेंगेलबर्गच्या पंचविशीनिमित्त माहलरच्या रचनांचा मोठा उत्सव झाला. ज्या रचनांवर इतरत्र नाके मुरडली जात, त्या या शहराने ऐकून ऐकून आपल्याशा केल्या.

इथवरची गोष्ट सांगायला छान वाटते. पुढची तितकी सोपी नाही.

मे १९४० मध्ये जर्मनांनी हा देश ताब्यात घेतला. १९४१ साली वाद्यवृंदातील ज्यू वादकांना काढून टाकण्यात आले. त्यातील काही युद्धानंतर परतले, काही छळछावण्यांत मारले गेले. माहलर जन्माने ज्यू, म्हणून त्याचे संगीत बंद झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ज्यू नागरिकांना संगीतगृहात पाऊल ठेवायलाही मनाई झाली. ज्याने माहलरला या शहरात रुजवले तो मेंगेलबर्ग मात्र माहलरशिवाय मैफली करत राहिला, जर्मनीतही जाऊन आला. काही ज्यू वादकांसाठी त्याने शब्द टाकला होता, हेही खरे आहे. पण १९४५ साली देशाने त्याला संचालनाची बंदी केली. बंदी संपण्यापूर्वीच, १९५१ साली, तो स्वित्झर्लंडमध्ये वारला.

मेंगेलबर्गचा न्याय इतिहासकार करोत. मला विचार करायला लावतात ते वर्गणीदार. वर्षानुवर्षे तीच खुर्ची, तेच शेजारी. नावे माहीत नसली तरी चेहरे ओळखीचे होतात, मध्यंतरात कॉफी घेताना मान हलते. १९४१ च्या त्या सीझनमध्ये शेजारची व्यक्ती आली नाही. पुढच्या वेळीही आली नाही. मैफल ठरल्या वेळी सुरू झाली. खाली बघून कार्यक्रमपत्रिका वाचणारा तो माणूस मी असतो तर काय केले असते? परदेशात राहणाऱ्या, दर काही वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण करणाऱ्या माणसाला हा प्रश्न दोन्ही खुर्च्यांवरून पडतो.

शिस्तीने गप्प बसणे हा गुण आहे, पण तो सगळीकडे गुण नाही. १७ नोव्हेंबर १९६९ रोजी हे काही तरुण संगीतकारांनी याच सभागृहात सिद्ध करून दाखवले. लुई आंद्रीसन, पीटर स्खाट, राइनबर्ट दे लेऊ वगैरे मंडळींनी बर्नार्ड हायटिंकच्या मैफलीत खुळखुळे आणि भोंगे वाजवून गोंधळ घातला. त्यांचे म्हणणे, वाद्यवृंद सरकारी अनुदानावर चालतो, मग नव्या रचना का वाजवत नाही? त्यांना बाहेर काढण्यात आले. पण त्यातील बरेच जण पुढे इथल्या संगीताचे मोठे स्तंभ झाले आणि त्यांच्या रचना याच सभागृहात वाजल्या.

स्तंभांवरून आठवले. १९८३ साली लक्षात आले की इमारत खचते आहे, भिंतींना तडे गेले आहेत. माझी डॉक्टरेट अभियांत्रिकीतली असल्याने हा भाग मी दोनदा वाचला. ॲमस्टरडॅमची जमीन मऊ, म्हणून जुन्या इमारती लांबलचक लाकडी खांबांवर उभ्या आहेत. दाम चौकातील राजवाडा १३,६५९ खांबांवर, तर कॉन्सर्टखबाऊ २,१८६ खांबांवर. लाकूड पाण्याखाली बुडालेले असेल तर शतकानुशतके टिकते. भूजल खाली गेले, खांबांची डोकी उघडी पडली आणि हवा लागली की ती कुजू लागतात. शंभर वर्षे ज्या नादाचे जगाने कौतुक केले, तो अशा कुजक्या डोक्यांवर तोलला होता! पुन्हा नागरिकांनी आणि कंपन्यांनी पैसे गोळा केले. १९८५ पासून तळघरात काम चालले, भार नव्या, न कुजणाऱ्या खांबांवर घेतला गेला. नादाला धक्का लागला नाही. शंभराव्या वर्षी, १९८८ साली, वाद्यवृंदाला 'रॉयल' ही पदवी मिळाली.

आणि माहलर? मे १९९५ मध्ये त्याचा पुन्हा मोठा उत्सव झाला. १९२० च्या उत्सवाची शताब्दी कोरोनामुळे हुकली, ती २०२५ च्या मे महिन्यात साजरी झाली. पाच वर्षे उशीर, पण झाली. बर्लिन, शिकागो, बुडापेस्ट आणि टोकियोचे वाद्यवृंद आले होते.

ज्यांना वर्षाची वर्गणी जड वाटते त्यांच्यासाठी एक सूचना. सीझनमध्ये बहुतेक बुधवारी दुपारी तिथे अर्ध्या तासाची मोफत मैफल असते. मुलांना घेऊन जरूर जा. मंचामागच्या उंच जिन्यावरून कलाकार लाल गालिचावर पावले टाकत खाली उतरतात, ते मुलांना फार आवडते. टाळ्या मात्र शेजारचा डच माणूस वाजवेल तेव्हाच वाजवा.

यंदाची पुस्तिका आली तेव्हा मी हा लेख लिहीत बसलो होतो. सौ.ने अर्ज उचलला, चष्मा लावला आणि स्वतःच भरायला घेतला. पुढच्या मे महिन्यात आपण कुठे असू, असे यंदा तिने विचारले नाही. "मुलगी आता मोठी झाली," एवढेच म्हणाली आणि दोनच्या जागी तीन खुर्च्या लिहिल्या.